शिबिर झाले, पुढे वर्गात काय?



बेणेप्रक्रियेचे व्याख्यान सभागृहात ऐकले म्हणून ती शेतात होतेच असे नाही. लागणीच्या दिवशी शेतकी विभागाचा माणूस बांधावर उभा राहिला, की मग ती अंगवळणी पडते. शाळेतल्या गुरुजींचेही तसेच आहे.

चौथी-पाचवीच्या एकाच वर्गात एक पोर गोष्ट घडाघडा वाचते, दुसरे जोडाक्षराशी अडते, तिसऱ्याला अक्षरओळखही पक्की नसते. हंगामात आईबापांबरोबर फडावर येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या पोरांचा अभ्यास तर मध्येच तुटतो. धडा मात्र सर्वांना एकच. मागे पडलेले पोर मागेच राहते.

यावर मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने एक साधी रीत बसवली. प्रत्येक मुलाकडून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे क्रमाने वाचून घ्यायचे. कुठे अडते ते पाहायचे. मग रोज ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून, पातळीप्रमाणे गट करून शिकवायचे.

ही नुसती कल्पना नव्हे. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथील शाळांत, मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींनी रोज वेगळे शिकवले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रीतसर तपासणी केली, तेव्हा मुलांची प्रगती दिसून आली. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु खरा धडा पुढेच आहे. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना हीच रीत शिकवली, साहित्यही दिले. २००८ च्या उन्हाळी वर्गांत त्याच शिक्षकांनी चांगला फरक पाडून दाखवला. शाळा भरल्यावर मात्र अभ्यासक्रम पुरा करण्याच्या ओझ्याखाली ती रीत मागे पडली. म्हणजे गुरुजींना येत नव्हते असे नाही. त्यांना तेवढी मोकळीक नव्हती.

हरियाणात २०१२-१३ साली ही चूक टाळली. रोज एक तास त्यासाठीच राखला. देखरेखीच्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः वर्गात उभे राहून शिकवले, मग शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना हात दिला. मुलांचे हिंदी वाचन सुधारले.

आता आपले काम. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. आपल्यापैकी पुष्कळजण तिथे आहेत. बैठकीत खोल्या, पत्रे, रंगरंगोटी यांचा विषय निघतोच. त्याबरोबर इतकेही विचारा: कोणते पोर कुठवर वाचते याची नोंद आहे का? रोजचा एक तास त्यासाठी ठेवता येईल का? गुरुजींना कोणाची मदत लागेल? फडावरची मुले शाळेत बसली आहेत का?

विचारताना सूर जाब घेण्याचा नसावा. गुरुजींना आपली पाठराखण हवी आहे.