वाशिष्ठीची खाडी : भरती, पूर आणि ग्रामनियोजन

कोकणातील नद्या लांबीने लहान, परंतु स्वभावाने उग्र आहेत. सह्याद्रीचा माथा आणि अरबी समुद्र यांमधील अंतर सरासरी ५० ते ६० किलोमीटर एवढेच असल्याने घाटावरून उतरणारे पाणी काही तासांतच सखल भागात पोहोचते. तेथे मात्र नदीचा उतार जवळजवळ संपतो आणि समुद्राची सत्ता सुरू होते. नदी व समुद्र यांच्या या सामाईक प्रदेशास आपण खाडी म्हणतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी नदी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

सह्याद्रीत उगम पावणारी वाशिष्ठी चिपळूणजवळून वाहत, खेडकडून येणाऱ्या जगबुडीस पोटात घेऊन दाभोळ येथे समुद्रास मिळते. मुखाच्या उत्तर तीरावर दाभोळ, तर दक्षिण तीरावर अंजनवेल व तेथील गोपाळगड आहे. भरतीचे पाणी मुखापासून सुमारे ४० किलोमीटर आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. याच पाण्याच्या बळावर मालाचे मचवे व पडाव पूर्वी गोवळकोट बंदरास लागत असत.

पाण्याची चाल

दिवसातून साधारणतः दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. म्हणूनच भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांग असते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणातील जुना हिशेब आहे. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सुमारे सहा वाजता भरती पूर्ण होते. हा केवळ अंदाज होय. नेमक्या वेळेसाठी भरतीचे तक्तेच पाहावयास हवेत. शिवाय मुखाशी भरती पूर्ण झाल्यानंतर खाडीच्या वरच्या टोकास ती काही काळाने पोहोचते.

खारे पाणी जड व गोडे पाणी हलके असल्यामुळे पावसाळ्यात गोडे पाणी वरून समुद्राकडे वाहत असता तळाशी खारे पाणी आत सरकत असते. दोहोंच्या संगमात पाण्यातील बारीक मातीचे कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि खाली बसतात. खाडीत गाळ साचण्याचे हे एक नैसर्गिक कारण आहे. डोंगरउतारावरील झाडी कमी झाली की वाहून येणाऱ्या मातीचे प्रमाण आणखी वाढते. उलटपक्षी, ओहोटीबरोबर वेगाने बाहेर जाणारे पाणी पात्र खरवडून मोकळे ठेवते. भराव घालून खाडीचा पसारा कमी केला, तर आत-बाहेर करणारे पाणी घटते आणि पात्र स्वच्छ ठेवण्याची ही शक्तीही क्षीण होते.

वाशिष्ठीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी याच नदीत येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या अंतिम निर्णयात त्यासाठी वार्षिक ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिली. कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात रोडावतात. वाशिष्ठीस मात्र तेव्हाही गोड्या पाण्याचा पुरवठा होत राहतो.

पूर कशामुळे चढतो ?

अतिवृष्टीचे पाणी खाली येत असतानाच समुद्रास भरती असेल, तर निचऱ्याची वाट अडते. पाणी मागे तुंबते आणि सखल वस्तीत शिरते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर महापुरात बुडाले. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. म्हणजे पौर्णिमेचे उधाण तोंडावर आले होते आणि तिथीच्या हिशेबाने भरतीची वेळ सकाळी पावणेदहाच्या सुमाराची होती. पुराचे मूळ कारण अतिवृष्टीच होते. तथापि अशा वेळी समुद्राची पातळी व पात्रातील गाळ या बाबी संकटात भर घालतात. यास्तव केवळ पर्जन्यमान पाहून पुराचा अंदाज बांधणे खाडीकाठी अपुरे ठरते.

खारभूमी व कांदळवने

खाडीकाठच्या भातजमिनी बांध घालून राखाव्या लागतात. बांधातील उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते व ओहोटीस उघडून आतील पावसाचे पाणी बाहेर सोडते. बांधास खांड पडली वा झडप गाळाने अडली, तर खारे पाणी शेतात शिरून जमीन नापीक होते. तिच्यातील मीठ धुऊन जाण्यास पुढे काही पावसाळे जावे लागतात. या जमिनींच्या रक्षणासाठी १९४८ चा मुंबई खार जमीन अधिनियम आणि त्यानंतर १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम करण्यात आला. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती विकसित केल्या आहेत.

बांधाबाहेरील कांदळवन हे बांधाचेच पहिले कवच होय. ते लाटांचा मारा सोसते, काठ धरून ठेवते आणि माशांच्या व कोळंबीच्या पिलांना आसरा देते. राज्य शासनाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी या जातीस राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला.

गावपातळीवर काय करता येईल ?

पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीने प्रत्येक उघाडीची झडप व बांधाचे कमकुवत भाग तपासून घ्यावेत. पुलाच्या अथवा धक्क्याच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या खुणा रंगवाव्यात. उधाणाच्या तारखा व भरतीच्या वेळा पंचायतीच्या फलकावर लावाव्यात, आणि अतिवृष्टीचा इशारा मिळताच त्या वेळांशी ताडून वस्ती हलविण्याचा निर्णय घ्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून महिनाभर तिथी व पाण्याची पातळी यांची नोंद करवून घेतल्यास भूगोलाचा पाठ प्रत्यक्ष होईल व गावालाही उपयुक्त माहिती मिळेल. खाडीच्या काठी पाणी दोन्ही दिशांनी येते. गावाने पावसाबरोबर भरतीचाही हिशेब ठेवला, तर पुरापूर्वी हाती येणारे काही तास वाया जाणार नाहीत.