सहल एकदाच, मेल मात्र कायमचे

विमानाचे तिकीट, हॉटेलची खोली किंवा एखाद्या सहल कंपनीची जागा आरक्षित करताना दिलेला ईमेल पत्ता आणि मोबाइल क्रमांक त्या एका व्यवहारापुरता आहे, अशी बहुतेक प्रवाशांची समजूत असते. कंपनीच्या लेखी मात्र तोच पत्ता ही पुढची अनेक वर्षे उपयोगी पडणारी मालमत्ता असते, आणि या दोन समजुतींमधल्या अंतरामुळेच प्रवास आटोपून बराच काळ लोटला तरी सवलतींचे, ‘शेवटच्या काही जागां’चे आणि हंगामी सहलींचे मेल थांबत नाहीत. हा उपद्रव कापडाच्या किंवा पुस्तकांच्या दुकानाकडून येणाऱ्या जाहिरातींपेक्षा निवारायला अधिक अवघड आहे. ज्या विमान कंपनीचे रोजचे जाहिरातपत्र नकोसे झालेले असते, त्याच कंपनीकडून उड्डाणाची बदललेली वेळ, वेब चेक-इनची सूचना आणि परताव्याची पावती येणार असते. म्हणून त्या कंपनीला सरसकट बंदी घालणे प्रवाशाला परवडत नाही.

पर्यटन व्यवसायातच हा आग्रह इतका का, याचे उत्तर त्याच्या मालाच्या स्वरूपात आहे. विमानातील रिकामी जागा किंवा हॉटेलातील न भरलेली खोली हा नाशवंत माल आहे. विमानाने धावपट्टी सोडली किंवा रात्र उलटली की त्याची किंमत शून्य होते, आणि त्यापूर्वी मिळेल त्या दरात तो खपवण्याचा दबाव विक्रेत्यावर असतो. अमेरिकेत 1978 साली विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्यात आले, तेव्हापासून मागणीनुसार दर सतत बदलत ठेवण्याचे, म्हणजे ‘उत्पन्न व्यवस्थापना’चे शास्त्र विमान कंपन्यांनी विकसित केले. त्यापाठोपाठ 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांच्या मैलांची नोंद ठेवून बक्षीस देणारी योजना सुरू केली आणि प्रवाशाचे नाव, पत्ता व प्रवासाच्या सवयी यांची कायमस्वरूपी नोंद ठेवण्याची पद्धत या व्यवसायात रुजली. पुढे इंटरनेटवरून आरक्षण करून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आल्या. अशा मध्यस्थामार्फत आलेल्या ग्राहकामागे हॉटेलला भरघोस कमिशन द्यावे लागते, म्हणून तोच ग्राहक पुढच्या वेळी थेट आपल्याकडे यावा यासाठी हॉटेल त्याला मेल पाठवते, आणि तो हातचा जाऊ नये यासाठी मध्यस्थही पाठवतो. मेल पाठवण्याचा खर्च नगण्य असल्यामुळे हजारांतून एकाने जरी खोली घेतली तरी कंपनीला तो सौदा फायद्याचा ठरतो. उरलेल्यांचा गेलेला वेळ कोणाच्याही हिशेबात धरला जात नाही.

एका सहलीत पत्ता किती हातांतून जातो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आरक्षणाचे संकेतस्थळ, विमान कंपनी, हॉटेल, प्रवास विमा, विमानतळावरून नेणारी टॅक्सी, व्हिसाचे काम पाहणारा दलाल अशा प्रत्येकाकडे तो पोहोचतो आणि प्रत्येक जण आपली स्वतंत्र यादी राखतो. त्यात मॉलमध्ये किंवा पर्यटन प्रदर्शनात ‘मोफत सहली’च्या सोडतीसाठी भरलेल्या कुपनांची भर पडते. अर्जाच्या तळाशी आधीपासूनच खूण केलेली चौकट असते, आणि ती पुसण्याचे राहून गेले की कंपनी त्यालाच ग्राहकाची संमती मानते. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाकडून त्याच्या मनात नसलेली निवड करवून घेणाऱ्या रचनांविषयी, मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत अशा 13 प्रकारांची नोंद आहे आणि त्यांतील काही उदाहरणे थेट पर्यटन क्षेत्रातून घेतलेली आहेत. दोनच खोल्या उरल्या असून तीस जण आत्ता त्या पाहत आहेत, असा संदर्भहीन दावा हे ‘खोट्या घाई’चे उदाहरण आहे, तर विमा नाकारणाऱ्या प्रवाशाला ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा अर्थाच्या पर्यायावर बोट ठेवायला लावणे हे लाज वाटायला लावून होकार मिळवण्याचे उदाहरण आहे. एका पर्यटन मेलच्या विषयओळीत यांपैकी एखादा प्रकार आढळला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करण्यास पुरेसा आधार मिळतो.

नकोशा मेलवरचा उपाय शोधताना सेवेचा संदेश आणि जाहिरातीचा संदेश यांतला भेद सर्वांत आधी करावा लागतो. घेतलेल्या तिकिटाविषयीची माहिती हा सेवेचा संदेश होय आणि पुढचे तिकीट विकण्याचा प्रयत्न ही जाहिरात होय. मोबाइल संदेशांच्या बाबतीत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, हा भेद नियमांतच बसवला आहे. 2018 च्या विनियमांत 12 फेब्रुवारी 2025 रोजी केलेल्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर जोडावे लागते: ‘पी’ असल्यास जाहिरात, ‘एस’ असल्यास सेवा, ‘टी’ असल्यास व्यवहार आणि ‘जी’ असल्यास सरकारी संदेश. त्यामुळे सहल कंपनीने जाहिरातीचा मजकूर सेवेच्या नावाखाली पाठवला तर तेवढ्यावरूनही तक्रार करता येते.

जाहिराती नकोत अशी नोंद 1909 या क्रमांकावर फोन करून, संदेश पाठवून किंवा ट्रायच्या ‘डीएनडी’ अ‍ॅपवरून करता येते. सर्वच जाहिराती बंद करण्याऐवजी विषयवार निवड करायची असल्यास पर्यटन आणि विरंगुळा हा त्यात स्वतंत्र वर्ग आहे. नोंद करूनही संदेश येतच राहतात, अशी अनेकांची तक्रार असते आणि त्यामागचे एक कारण फारसे सांगितले जात नाही: एखाद्या कंपनीला ग्राहकाने स्पष्ट संमती दिलेली असेल, तर ती संमती या सर्वसाधारण नकारापेक्षा वरचढ ठरते. म्हणून नकार नोंदवण्याबरोबर त्या त्या कंपनीला दिलेली संमतीही मागे घ्यावी लागते. तशी ती मागे घेतल्यावर पुढचे 90 दिवस त्या कंपनीला पुन्हा संमती मागता येत नाही. नकोसा फोन किंवा संदेश आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार नोंदवणे आवश्यक आहे; पूर्वी ही मुदत तीनच दिवसांची होती.

ट्रायचे हे विनियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत, ईमेलला ते लागू होत नाहीत. नकोशा जाहिरातींच्या मेलसाठी अमेरिकेत 2003 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार ग्राहकाने नकार कळवल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत पाठवणे थांबवावे लागते. भारतात तसा कायदा झालेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-अ या कलमात त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता, परंतु ते कलम इतके संदिग्ध होते की त्याचा उपयोग मतप्रदर्शन दडपण्यासाठी झाला. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून झालेली अटक हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण, आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. निर्णय योग्यच होता. मात्र त्यानंतर त्रासदायक व्यावसायिक मेलसाठी नेमका, मर्यादित कायदा करण्याची जी गरज उरली, तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, ही उणीव गंभीर आहे.

ही उणीव काही अंशी भरून निघाली ती मेलसेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या नियमांमुळे. गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांवर काही अटी घातल्या. गुगलच्या बाबतीत जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणारा या व्याख्येत येतो. अशा कंपनीला आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी लागते, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकने यादीतून बाहेर पडण्याची, म्हणजे ‘अनसबस्क्राइब’ करण्याची, सोय ठेवावी लागते आणि आलेला नकार दोन दिवसांत अमलात आणावा लागतो. याहून महत्त्वाची अट तक्रारींच्या प्रमाणाची आहे. आपल्या मेलना ‘स्पॅम’ म्हणून खूण करणाऱ्यांचे प्रमाण कंपनीने 0.3 टक्क्यांपर्यंत पोहोचू द्यायचे नसते. म्हणजे हजार मेलपैकी तीन जणांनी जरी तशी खूण केली, तरी त्या कंपनीचे मेल पुढे सर्वांच्याच इनबॉक्सबाहेर फेकले जाण्याची शक्यता निर्माण होते. नकोसा मेल निमूटपणे पुसून टाकणाऱ्या वाचकाकडून कंपनीला काहीच कळत नाही. खूण करणाऱ्या वाचकाची कृती मात्र तिच्या व्यवसायाला थेट जाणवते.

यावरून कृतीचा क्रम ठरतो. मेल परिचित आणि खरोखरच जिच्याशी व्यवहार झाला अशा कंपनीचा असेल, तर मेलसेवेने वरच्या बाजूला दिलेल्या ‘अनसबस्क्राइब’ या पर्यायाचा वापर करावा, आणि तरीही मेल येत राहिले तर स्पॅमची खूण करावी. अनोळखी कंपनीच्या मेलमधील कोणत्याही दुव्यावर, अगदी ‘अनसबस्क्राइब’ लिहिलेल्या दुव्यावरही, क्लिक करू नये, कारण त्यामुळे पत्ता चालू असल्याची खात्री पाठवणाऱ्याला मिळते. तीच खात्री ‘ट्रॅकिंग पिक्सेल’मुळेही होते, हे मेलमध्ये दडवलेले एक अतिसूक्ष्म चित्र असते आणि मेल उघडताच ते कंपनीच्या संगणकावरून मागवले जात असल्यामुळे मेल केव्हा वाचला गेला हे तिला कळते. मेलमधील चित्रे आपोआप दिसू न देण्याची सेटिंग निवडल्यास हा मार्ग बंद होतो. ज्या कंपनीशी पुढेही व्यवहार करायचा आहे, तिच्या मेलसाठी गाळणी, म्हणजे फिल्टर, लावता येते आणि त्यात ‘पीएनआर’, ‘ई-तिकीट’, ‘व्हाउचर’ अशा शब्दांचे मेल इनबॉक्समध्येच राहतील, बाकीचे वेगळ्या कप्प्यात जातील, अशी विभागणी होते. जीमेलमध्ये पत्त्यातील नावापुढे अधिकचे चिन्ह देऊन सहलीचा एखादा शब्द जोडला तरी मेल त्याच खात्यावर येतो, त्यामुळे आपला पत्ता कोणी पुढे दिला हेही कधीकधी उघड होते.

कायद्याचे पाठबळ असेल तर काय घडते, हे ब्रिटनमधील ‘फ्लायबी’ या विमान कंपनीच्या प्रकरणातून दिसते. या कंपनीने ऑगस्ट 2016 मध्ये, जाहिरातीचे मेल नकोत असे आधीच कळवलेल्या लोकांना 33 लाखांहून अधिक मेल पाठवले आणि त्यांत आपला तपशील बरोबर आहे का, अशी साळसूद विचारणा केली होती. तपशील तपासण्याचे निमित्त करून पुन्हा संमती मिळवण्याचा प्रयत्न हादेखील जाहिरातच आहे, असे ठरवून तेथील माहिती आयुक्तालयाने मार्च 2017 मध्ये कंपनीला 70 हजार पौंड दंड केला.

पत्त्यांच्या या साठ्यांत केवळ उपद्रव नाही, धोकाही आहे. एअर इंडियाने 2021 मध्ये जाहीर केले की तिच्या प्रवासी माहितीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेवरील सायबर हल्ल्यात जगभरातील सुमारे 45 लाख प्रवाशांची माहिती उघड झाली, आणि त्या माहितीत ऑगस्ट 2011 पासूनच्या, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांच्या नोंदी होत्या. ‘आयआरसीटीसी’ने 2022 च्या ऑगस्टमध्ये प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न मिळवण्याचा मार्ग सुचवण्यासाठी सल्लागाराची निविदा काढली होती, टीका झाल्यावर आणि संसदीय समितीसमोर विषय आल्यावर ती मागे घेण्यात आली. जाहिरातींचा अखंड मारा चालू असला की त्यातून बनावट मेल वेगळा ओळखणे कठीण जाते. चारधाम यात्रेच्या हेलिकॉप्टर आरक्षणाची बनावट संकेतस्थळे आणि जाहिराती यांविषयी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये इशारा दिला होता, आणि महाराष्ट्रातून केदारनाथला जाणाऱ्यांची मोठी संख्या पाहता तो मराठी कुटुंबांनाही तितकाच लागू आहे. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

पुढील काळातला खरा आधार डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आहे. हा कायदा 2023 च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि नि:संदिग्ध असावी लागते, म्हणजे न पुसलेली चौकट ही संमती ठरणार नाही. आणि संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. ज्या ग्राहकांनी कायदा लागू होण्यापूर्वी संमती दिली आहे, त्यांनाही माहिती कशासाठी वापरली जात आहे आणि संमती कशी मागे घ्यावी, हे सांगणारी सूचना कंपनीने पाठवायची आहे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीने दिली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे, तेव्हा सहल कंपनीची अशी सूचना येईल त्या वेळी ती न वाचता पुसून टाकण्याऐवजी मराठीतच मागावी आणि नको असलेली संमती त्याच दिवशी लेखी मागे घ्यावी.