झोळी कुणाची, थाट कुणाचा?

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की मशिदींत नमाजनंतर सफीर उभे राहतात. सफीर म्हणजे दूरच्या मदरशांसाठी जकात गोळा करणारी माणसे. हातात पावतीपुस्तक, खिशात तस्दीकनामा. आता त्यांच्या जोडीला मोबाइलवरचे नवे सफीर आलेत. भरपूर फॉलोअर असलेला तरुण एखाद्या संस्थेसाठी जकात मागतो, खाली क्यूआर कोड असतो. पुढच्याच रीलमध्ये तो पंचतारांकित हॉटेलात इफ्तार करतो, नव्या गाडीची चावी दाखवतो. मग लोक तुटून पडतात: आमच्या पैशांवर मजा चाललीय!

हा आरोप बहुधा पुराव्याविनाच होतो. स्वतःच्या कमाईतून कुणी गाडी घेतली तर तो त्याचा प्रश्न. जकात वसूल करणाऱ्याचा हक्क तर कुरआननेच मान्य केलाय. सूरह तौबामधल्या आठ हकदारांत ‘आमिलीन’, म्हणजे वसुली करणारेही आहेत. संस्थेचा चेहरा झालेल्याने फाटकेच कपडे घालावेत, हे मला पटत नाही. ही अपेक्षा आपल्याकडे गाडगेबाबांमुळे रुजली असावी. पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा उभारणारा हा माणूस 1956 मध्ये गेला तो अंगावरच्या चिंध्या आणि हातातले गाडगे यांचीच ओळख मागे ठेवून. पण सगळेच गाडगेबाबा कसे होतील? नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे सिनेमातून कमावणारेच. 2015 मध्ये त्यांनी ‘नाम फाउंडेशन’ काढले, तेव्हा लोकांनी पाहिले ते शेतकऱ्यांच्या विधवांच्या हातात पडलेले धनादेश.

तरीही लोकांचा राग अगदीच पोकळ नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत इब्न लुत्बिय्या यांचा प्रसंग येतो. पैगंबरसाहेबांनी त्यांना जकात वसुलीला पाठवले. परतल्यावर त्यांनी हिशेब दोन भागांत मांडला: हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. पैगंबरसाहेब मिंबरवर गेले आणि सर्वांसमोर विचारले, हा आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याला मिळाल्या असत्या का? आजच्या फुकट उमराह आणि फुकट हॉटेलला हाच सवाल लावून पाहा. गाडी महाग की स्वस्त, हा मुद्दाच नाही. ती कुणामुळे आली, हा आहे.

आणि देणारा दूर असतो. 30 जुलै 2014 ला आपल्या आंबेगावातले माळीण दरडीखाली गेले, दीडशेवर माणसे गेली. मदतीचे काय झाले हे बघायचे तर आमडे इथे वसलेल्या नव्या माळीणला जाता येते. मोबाइलवरून दिलेल्या जकातीचे तसे नाही. दागिन्यांवरचे अडीच टक्के हिशेब करून काढणाऱ्या जुन्नरच्या गृहिणीला ज्याला मदत पोहोचली तो कधी दिसत नाही. दिसतो फक्त मागणारा. मग त्याचे राहणीमान हीच तिच्यासाठी पावती होऊन बसते.

म्हणून देण्याआधी विचारावे: संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का? प्रवासखर्च कुणाचा? जमलेल्या रकमेवर तुम्हाला टक्केवारी आहे का? (टक्केवारीवरच्या वसुलीला अनेक उलेमांचा आक्षेप आहे.) साबण-शाम्पूची जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने मिळालेले पैसे, फुकटची सहल, हॉटेलचा मुक्काम जाहीर करावा, असे केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्येच सांगितले आहे. यंदा पाहिलेल्या जकातीच्या एकाही व्हिडिओखाली मला अशी ओळ सापडली नाही.