गुरुऋणाची ध्वनिमुद्रिका

आपल्याकडील गवई गुरूचें नांव घेतांना कानाच्या पाळीस हात लावतो. या लहानशा कृतींत दोन गोष्टी येतात. गळ्यांतून निघतें तें सर्वस्वीं स्वतःचें नव्हे, ही कबुली एक. आणि ज्याच्यापासून तें मिळालें त्याचें नांव ऐकणाऱ्यांच्या कानीं घालण्याची जबाबदारी, ही दुसरी. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतांत, विशेषतः ज्यास रॉक म्हणतात त्या संगीतांत, अशी रूढ खूण नाहीं. तेथील कलावंताची प्रतिष्ठा नावीन्यावर अवलंबून असते, आणि तारुण्य हा तर त्या संगीताचा जणूं धर्मच मानला गेला. तरीपण गेल्या कांहीं दशकांत तेथें एक प्रथा रुजली आहे. वार्धक्यास पोंचलेले नामांकित वादक व गायक एकत्र येतात, आपल्या कोवळ्या वयांत ज्या मेळ्यानें आपणांस वेड लावलें त्याचीं गाणीं निवडतात, तीं पुन्हां मुद्रित करतात, आणि त्या मेळ्याच्या नांवें एक संच प्रसिद्ध करतात. अशा संचास मानवंदनेचा अल्बम म्हणतात.

या उद्योगाकडे दोन तऱ्हांनीं पाहिलें जातें. टीकाकारांचें म्हणणें असें कीं, नवें कांहीं सुचेनासें झालें म्हणजे म्हातारा कलावंत जुन्याकडे वळतो. प्रसिद्ध नांवाच्या आधारानें चार प्रती अधिक खपतात, एवढाच यांतला अर्थ. पुष्कळ संचांच्या बाबतींत हा आक्षेप खोटाहि नाहीं. उलट कांहीं संच असेहि निघाले कीं, त्यांच्या योगानें विस्मृतींत गेलेलें एखादें नांव पुन्हां लोकांच्या तोंडीं आलें. हा भेद कशानें पडतो, हें समजून घ्यावयाचें तर एकच उदाहरण बारकाईनें पाहणें बरें. तें उदाहरण म्हणजे अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनीं २०११ च्या ऑगस्टांत प्रसिद्ध केलेला ‘डेडिकेटेड’ हा संच. त्या वेळीं क्रॉपर एकूणसत्तर वर्षांचे होते. आणि ज्यांस त्यांनीं हा संच अर्पण केला त्या ‘फाइव्ह रॉयल्स’ मेळ्याचें नांव त्यांच्या स्वतःच्या देशांतहि थोड्यांच्याच स्मरणांत उरलें होतें.

हा मेळा उत्तर कॅरोलिना संस्थानांतील विन्स्टन-सेलम या तंबाखूच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवचा. आरंभीं तो ‘रॉयल सन्स’ या नांवानें प्रार्थनामंदिरांतून भक्तिगीतें गात असे. १९५१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या अपोलो कंपनीनें त्याचीं भजनें मुद्रित केलीं, आणि पुढें ऐहिक गाण्यांकडे वळतांना मेळ्यानें नवें नांव घेतलें. नांवांतील पांचाचा आंकडा अवतरणचिन्हांत लिहिण्याची त्यांची पद्धत होती. कारण मंडळी कधीं सहाहि भरत. १९५३ या एकाच वर्षांत त्यांचीं ‘बेबी डोंट डू इट’ आणि ‘हेल्प मी समबडी’ हीं दोन गाणीं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादींत पहिल्या स्थानीं गेलीं. कृष्णवर्णीयांच्या संगीताची ही यादी त्या काळीं वेगळीच ठेवलेली असे. तिला हें नांवहि १९४९ सालीं मिळालेलें. गोऱ्या श्रोत्यांच्या यादींत स्थान मिळविणें ही गोष्ट निराळी आणि फार अवघड होती. तात्पर्य, मेळा लोकप्रिय झाला खरा, पण एका भिंतीच्या एकाच बाजूस.

त्या मेळ्याचा प्राण म्हणजे लोमन पॉलिंग. बहुतेक गाणीं त्यांनींच रचलेलीं, आणि गिटारहि तेच वाजवीत. मुख्य गायक जॉनी टॅनर यांचा आवाज अजून देवळांतलाच होता. म्हणजे शब्द प्रेमाचे आणि आर्तता प्रार्थनेची. या दोहोंच्या मिलाफास पुढें दहा वर्षांनीं ‘सोल’ असें नांव मिळालें आणि त्याचा जगभर डंका वाजला. पॉलिंग यांची गिटार या गाण्यांत केवळ साथीस नसे. गायकाची ओळ संपली कीं ती दोनचार धारदार स्वरांत तिला उत्तर देई, आणि पुढली ओळ सुरू होण्यापूर्वीं बाजूस होई. गिटार अडकविण्याचा पट्टाहि ते इतका लांब ठेवीत कीं, वाद्य पार गुडघ्यांशीं लोंबत असे.

याच लोंबत्या गिटारीनें एका गोऱ्या मुलाचें आयुष्य बदललें. मिसूरी संस्थानांत १९४१ सालीं जन्मलेले क्रॉपर लहानपणींच मेंफिस शहरीं राहावयास आले. तेथें ऐन कोवळ्या वयांत त्यांनीं फाइव्ह रॉयल्सचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिला. पॉलिंग यांच्यासारखी गिटार खालीं सोडतां यावी म्हणून त्यांनींहि आपला पट्टा लांबविला, ही हकीकत ते पुढें आवडीनें सांगत. पट्ट्याचें अनुकरण हा बालिशपणा झाला. परंतु त्यांनीं उचलली ती खरी वस्तु निराळी होती. कोठें वाजवावें यापेक्षां कोठें वाजवूं नये, हें ते पॉलिंग यांच्यापासून शिकले.

पुढें क्रॉपर मेंफिसच्या स्टॅक्स कंपनींतील ‘बुकर टी. अँड द एम. जीज’ या वादकमंडळाचे गिटारवादक झाले. तीन कृष्णवर्णीय आणि एक गोरा अशा तेव्हांच्या चौघांचें ‘ग्रीन अनियन्स’ हें वाद्यसंगीत १९६२ सालीं गाजलें. ‘इन द मिडनाइट अवर’, ‘नॉक ऑन वुड’ आणि ओटिस रेडिंग यांच्या मृत्यूनंतर १९६८ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘द डॉक ऑफ द बे’, या गाण्यांच्या रचनेंत क्रॉपर यांचा वांटा आहे. त्यांत त्यांची गिटार ऐकावी. ती कधीं बोलणाऱ्याचें बोलणें तोडीत नाहीं. दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागीं एखादी लकेर टाकून ती गप्प बसते. हजारों तरुणांनीं ही रीत क्रॉपर यांची म्हणून उचलली. ती मूळची कोणाची, हें सांगूं शकणारा एकच मनुष्य होता, आणि तो म्हणजे स्वतः क्रॉपर.

मूळ धन्याचें काय झालें? ‘डेडिकेटेड टू द वन आय लव्ह’ हें गाणें पॉलिंग यांचें. रचनाकार म्हणून त्यांच्यासह निर्माते राल्फ बास यांचेंहि नांव त्यावर आहे. फाइव्ह रॉयल्सची मुद्रिका फारशी चालली नाहीं. तेंच गाणें शिरेल्स या मुलींच्या मेळ्यानें गाइलें आणि १९६१ सालीं तें सर्वसाधारण यादींत तिसऱ्या क्रमांकावर गेलें; १९६७ सालीं ‘मामाज अँड द पापाज’ यांनीं तें दुसऱ्या क्रमांकावर नेलें. त्यांचें ‘थिंक’ जेम्स ब्राउन यांनीं १९६० सालीं स्वतःचें करून टाकलें. गाणें चढत गेलें, गाणारे मागें राहिले. साठीच्या दशकाच्या मध्यास मेळा मोडला. पॉलिंग अखेरीस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत एका ज्यू प्रार्थनामंदिरांत देखभालीची नोकरी करीत होते, आणि १९७३ च्या डिसेंबरांत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, तेथेंच त्यांचा अंत झाला.

आतां २०११ च्या संचाकडे वळूं. क्रॉपर यांना मानवंदनेचा प्रकार नवा नव्हता. १९७० सालीं त्यांच्या वादकमंडळानें बीटल्सच्या ‘अ‍ॅबी रोड’ या संचांतील बहुतेक गाणीं वाद्यांवर वाजवून ‘मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यू’ हा संच काढला होता. स्टॅक्सची वास्तु ज्या रस्त्यावर होती त्याचेंच तें नांव. परंतु ती वंदना समकालीनांस, आणि तीहि कीर्तीच्या शिखरावर असणाऱ्यांस होती. सूर्यास ओवाळण्यांत भक्ति असेल, पण त्यानें सूर्याचा उजेड वाढत नाहीं. चाळीस वर्षांनंतरचें काम निराळें होतें. येथें विझलेला दिवा पुन्हां लावावयाचा होता.

त्यासाठीं क्रॉपर आणि सहनिर्माते जॉन टिव्हन यांनीं पंधरा मुद्रणांचा संच केला व निरनिराळ्या पिढ्यांतले गायक बोलाविले. बी. बी. किंग हे तेव्हां पंचाऐशींच्या घरांत होते. पॉलिंग असते तर तेहि जवळपास त्याच वयाचे असते. या वृद्ध गायकानें ‘बेबी डोंट डू इट’ हें गाणें शेमेकिया कोपलंड या सुमारें बत्तीस वर्षांच्या गायिकेबरोबर गाइलें. स्टीव्ह विनवुड, बेट्टी लाव्हेट, डेल्बर्ट मॅक्लिंटन, शॅरन जोन्स यांनींहि गाणीं गाइलीं. क्वीन मेळ्याचे गिटारवादक ब्रायन मे यांचाहि यांत भाग आहे. त्यांचे दिवंगत सहकारी फ्रेडी मर्क्युरी यांचें शालेय शिक्षण आपल्या पांचगणीस झालें होतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल.

अशा कामांत कलेचा म्हणून एक पेंच असतो. जुनें गाणें जसेंच्या तसें वठवावें, तर मूळ मुद्रिका असतांना नकलेची गरज काय, असा प्रश्न येतो. तें अगदीं बदलून टाकावें, तर ज्यास वंदन करावयाचें तोच दिसेनासा होतो. शिवाय १९५० च्या दशकांत सारी मंडळी एका खोलींत उभीं राहून एकदमच गात-वाजवीत. कोणी चुकला तर सर्वांनीं पुन्हां आरंभ करावयाचा. त्या धास्तीमुळें गाण्यास जी धार येई, ती आजच्या यंत्रसामग्रींत, जेथें प्रत्येकाचा भाग स्वतंत्रपणें मुद्रित करून मागाहून जोडतां येतो, सहज बोथट होते. क्रॉपर यांनीं यांतून काढलेली वाट साधी होती. गाण्याचा सांगाडा, म्हणजे चाल, लय आणि गिटारीचें उत्तर, त्यांनीं जपलें. गळा मात्र ज्याचा त्याला मोकळा सोडला. पुरुषांनीं गाइलेलीं कित्येक गाणीं त्यांनीं स्त्रियांच्या हातीं दिलीं. ज्या गाण्यावरून संचाचें नांव ठेवलें तें ल्युसिंडा विल्यम्स व डॅन पेन यांनीं गाइलें. ‘थिंक’ आणि ‘हेल्प मी समबडी’ या दोन ठिकाणीं तर गायकच नाहीं. तेथें क्रॉपर यांची गिटार गायकाची ओळहि बोलते. जन्मभर इतरांच्या बोलण्यास हुंकार देणारा मनुष्य येथें स्वतः बोलूं लागला, आणि बोलला तें गुरूचें.

या व्यवहाराची दुसरी बाजू पैशाची आहे. अमेरिकेंत १९०९ च्या कायद्यापासून असा नियम आहे कीं, एकदां रीतसर मुद्रित होऊन प्रसिद्ध झालेलें गाणें कोणासहि ठराविक मोबदला देऊन पुन्हां मुद्रित करतां येतें. त्यास रचनाकार नाहीं म्हणूं शकत नाहीं. आरंभीं हा दर प्रतीमागें दोन सेंट होता; २०११ सालीं तो पांच मिनिटांपर्यंतच्या गाण्यास ९·१ सेंट होता. म्हणजे दहा हजार प्रती खपल्या तर एका गाण्यामागें ९१० डॉलर होतात, आणि तेहि रचनाकार व प्रकाशक यांच्यांत वांटले जातात. मूळ गायकास आणि वादकास मात्र या मोबदल्यांतून कांहींच मिळत नाहीं. जॉनी टॅनर यांनीं आपल्या गळ्यानें त्या शब्दांस जें रूप दिलें, त्याची किंमत कायद्याच्या कोणत्याहि रकान्यांत बसत नाहीं. जें कायदा देऊं शकत नाहीं तें नांव घेऊनच द्यावें लागतें. म्हणून संचाच्या मुखपृष्ठावर फाइव्ह रॉयल्सचें नांव छापणें हा केवळ शिष्टाचार नव्हता. ज्यांस दुसरें कांहीं मिळण्यासारखें नव्हतें त्यांचें तें देणें होतें.

तें देणें उशिरा पोंचलें, हें खरें. पॉलिंग यांस जाऊन अडतिसावें वर्ष चालूं होतें, आणि टॅनरहि २००५ सालीं वारले होते. पण तें अगदींच वायां गेलें नाहीं. २०१४ सालीं फाइव्ह रॉयल्सचीं मूळ मुद्रणें पांच तबकड्यांच्या संचांत एकत्र प्रसिद्ध झालीं, आणि २०१५ सालीं अमेरिकेंतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेनें आद्य प्रभाव म्हणून या मेळ्याचा समावेश केला. हें सारें क्रॉपर यांच्या एका संचानें घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु एका मान्यवर वादकानें आपल्या कमाईचें मूळ कोठें आहे तें बोट दाखवून सांगितलें, त्याचा उपयोग झालाच नसेल असेंहि म्हणवत नाहीं.

यावरून मानवंदनेच्या संचाची एक कसोटी हातीं येते. नवा संच ऐकून श्रोता तेथेंच थांबला, तर तें मुलाम्याचें काम. तो ऐकून श्रोत्यास मूळ मुद्रिका शोधावीशी वाटली, तर देणें पोंचलें असें समजावें. बी. बी. किंग २०१५ सालीं गेले आणि शॅरन जोन्स २०१६ सालीं. वंदन करणारेहि आतां वंदनाच्या रांगेंत जाऊन बसले. त्यांचीं गाणीं ऐकून आज कोठेंतरी एखादा मुलगा आपल्या गिटारीचा पट्टा लांबवीत असेल. त्यानें तो अवश्य लांबवावा. मात्र ही लांबी कोणाची, हें पुढें विचारणाऱ्यास सांगण्यापुरतें त्यानें लक्षांत ठेवावें.