साथीची भूमिका

मैफलीत गवई गात असतो, तेव्हा मागे तंबोरा अखंड वाजत असतो. श्रोत्यांचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते. पण तो थांबला, तर गवयाच्या स्वराचा आधारच नाहीसा होतो. संगीत नाटकातील दुय्यम भूमिकेचे कार्य असेच असते.

नाशिकचे नाटककार वसंत कानेटकर यांचे 'मत्स्यगंधा' हे संगीत नाटक १९६४ साली रंगभूमीवर आले. त्याला पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिले. आशालता वाबगावकर यांनी सत्यवतीची आणि रामदास कामत यांनी पराशर ऋषींची भूमिका केली. नाटक मुख्यतः सत्यवतीचे. पराशर तिला सोडून जातात; परंतु तिचे पुढील दुःख त्या वियोगातूनच उगवते. पराशरांच्या गाण्यात प्रेमाचा ओलावा नसेल, तर सत्यवतीचे अश्रू प्रेक्षकांना खरे कसे वाटावेत? म्हणूनच अशा नटाला केवळ गळ्याची करामत दाखवण्याचा मोह आवरावा लागतो.

आशालताबाईंनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकाचे 'गर्द सभोवती' हे नाव याच नाटकातील एका पदावरून घेतलेले आहे. प्रयोग संपला, तरी त्यातील सूर कलावंताच्या मनात असा दीर्घकाळ घुमत राहतो. त्या सुरात साथ करणाऱ्यांचाही वाटा असतो.