बोलण्याचा हक्क आणि मोबाईलचे मालक

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ने नकार दिला. कोणी बोलायचे आणि कोणी मुके राहायचे, हे तेव्हा छापखान्याचे मालक ठरवीत.

आज नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांत मोबाईल आहे. तरीही फेसबुक-यूट्यूबवर कोणता मजकूर ठेवायचा नि कोणता काढायचा, हे मालकच ठरवतात. फक्त ते मालक आता परदेशी कंपन्या आहेत.

बंधू-भगिनींनो, यात दोन प्रश्न आहेत. पहिला सरकारचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले, मैत्रिणीने ते ‘लाईक’ केले. दोघींना अटक झाली. त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. घटनेचे १९ वे कलम कामी आले.

दुसरा प्रश्न कंपनीचा. १९ वे कलम मुख्यतः सरकारला बांधते. कंपनी स्वतःच्या नियमांवर चालते. जातीवरून द्वेष चालणार नाही, असे फेसबुकचा नियम सांगतो. पण आपल्याकडची जातिवाचक म्हण, मराठवाडी टोमणा यंत्राला कळेलच असे नाही.

मग करावे काय? अपमानाचा मजकूर दिसला की तरुणांचे रक्त खवळते. तो रागाने पुढे पाठवू नका. त्याने अपमानच पसरतो. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख जपून ठेवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. दाद लागली नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. आपला मजकूर विनाकारण काढला असेल तरीही. अनुसूचित जातींविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्या लेखनाला ॲट्रॉसिटी कायदाही आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आपल्या आदरणीय दिवंगतांचा अनादर हाही त्यात गुन्हा ठरला.

मात्र टीका वेगळी, शिवी वेगळी. १९८७-८८ साली ‘रिडल्स’वरून गदारोळ झाला, तेव्हा बाबासाहेबांचे लेखन वाचवण्यासाठी आपला समाज रस्त्यावर उतरला. म्हणून शिवीला कायदा दाखवावा आणि टीकेला लेखणीनेच उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटते.