पाच न्यूटन-मीटर

सायकल स्टँडला लावायची म्हणजे फ्रेमची वरची नळी जबड्यात धरायची आणि मूठ पिळायची. कुठल्याही दुकानात हेच चालतं. कार्बनच्या फ्रेमला ते चालत नाही. माझ्या सायकलवाल्या काकांनी त्यासाठी भंगाराच्या खोक्यातून ॲल्युमिनियमचा एक जुना सीटपोस्ट उकरून काढला, मापाचा आहे याची खात्री केली, तो फ्रेममध्ये बसवला आणि जबडा त्या पोस्टवर आवळला. माझी हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली डोंगरी सायकल, जुळवायच्या कामाची सुरुवात अशी फ्रेमला हात न लावण्यापासून झाली.

नुसती फ्रेम भरते किलोच्या आसपास. कार्बनच्या धाग्यांचे, रेझिनमध्ये भिजवलेले पातळ पट्टे साच्यात एकावर एक बसवायचे आणि दाब देऊन भाजायचे, अशी ती तयार होते. कुठला थर कुठल्या दिशेला, कुठे दोन थर जास्त आणि कुठे कमी, यात सगळी कारागिरी. जिथून जोर येणार म्हणून धागे लावले आहेत, तिथून ही नळी पोलादाला ऐकणार नाही. पण तिच्या पातळ भिंतीवर एका जागी चिमटा बसला तर ती आत दबते. पोलाद आधी वाकतं, रंगाला तडे जातात, करकरतं. मिस्त्रीला चार महिने आधी कळतं. कार्बन वरून जसाच्या तसा दिसतो आणि थर आतून सुटलेले असतात. म्हणून काकांनी खोक्यातून निघालेली फ्रेम आधी रुपयाच्या नाण्याने टोकटोक करत तपासली. भरीव, टणक आवाज सगळीकडे सारखा यायला हवा. एखाद्या जागी तो बोदा झाला की फ्रेम परत पाठवायची.

काकांच्या वडिलांचं दुकान भाड्याच्या सायकलींचं. काका शिकले ते काळ्या, वीस किलोंच्या सायकलींवर, जिथे क्रँक कॉटर पिनेवर बसायचा आणि पिन हातोडीने ठोकायची. किती आवळायचं हे मनगट ठरवायचं. आता त्यांच्या भिंतीवर आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क रेंच टांगलेला असतो. त्याला कुणी हात लावला तर ते चिडतात.

एक न्यूटन-मीटर म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण एक किलोचा भार. सीटपोस्टची पकड, हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट, हे साधारण पाचावर. म्हणजे फारच थोडं. जुन्या सवयीचा हात तिथे नकळत दहा-बाराला जातो. याच सायकलीचा क्रँक मात्र चोपन्न न्यूटन-मीटरला, मागच्या चक्रांची कॅसेट चाळिसाला. तिथे पाचावर भागवलं तर क्रँक महिन्याभरात खुळखुळणार. ‘नाजूक आहे, जपून आवळा’ असा सरसकट सल्ला त्यामुळे कामाचा नाही. प्रत्येक सांध्याचा आकडा वेगळा असतो.

क्रँकचा आस जातो त्या तळाच्या कवचात कार्बनला चिकटवलेली ॲल्युमिनियमची आटेदार बांगडी असते, तिच्यात दोन्ही बाजूंनी बेअरिंगचे कप बसतात. उजव्या कपाचे आटे उलटे. पेडल मारताना बेअरिंग आपल्या कपाला क्रँकच्या विरुद्ध दिशेने कणाकणाने फिरवायला बघतं, आणि सरळ आटे असते तर कप सुटत गेला असता. हे काळ्या सायकलीतही असंच होतं, त्यामुळे काकांना नवं काही नव्हतं. दाबून बसवायचे बिनआट्याचे कप मध्यंतरी फार बोकाळले होते. माझ्या मते ते कारखान्याच्या सोयीचे, चालवणाऱ्याच्या नव्हेत. करकर सुरू झाली की थांबत नाही. आटेवाली फ्रेम मी मुद्दाम निवडली. आट्यांना ग्रीसचा जाड हात मारला, कारण ॲल्युमिनियम आणि कार्बन ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम गंजून फुगतं आणि मग कप निघता निघत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळा काढायचा तर हे विसरून भागत नाही.

सीटपोस्टला मात्र ग्रीस नाही. तिथे कार्बन पेस्ट: चिकट मलमात बारीक कडक कण. ते दोन पृष्ठभागांमध्ये रुततात, घर्षण वाढवतात, म्हणून कमी आवळूनही पोस्ट घसरत नाही. ग्रीस लावल्याशिवाय सीटदांडी घालायची नाही, हे आयुष्यभर पोरांना शिकवलेल्या माणसाला हे खरखरीत मलम बोटाने चोळताना बघायला गंमत वाटते. माझा पोस्ट ड्रॉपर आहे, मुठीशेजारचा खटका दाबला की सीट खाली जाते. त्याची बाहेरची नळी जास्त आवळली तर आतला दांडा अडकतो, वर यायला आळस करतो. काकांनी आवळून, खटका दाबून, अर्धा न्यूटन-मीटर कमी करून, पुन्हा दाबून तो आकडा शोधला. कागदावरच्या मर्यादेच्या तो खालीच होता.

फोर्कची दांडी कापणं हे एकच काम असं, की चुकलं तर परत जोडता येत नाही. मी हँडलखाली एक कडी जास्त ठेवायला सांगितली. पाठीला उंच हँडल बरं वाटलं तर ठेवता येतं, नाहीतर पुढे काढता येतं. मग दांडीत चांदणीच्या आकाराचा नट हातोडीने ठोकायचा. या सायकलीत हातोडीला परवानगी आहे ती इथेच. वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवतो असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचं काम फक्त बेअरिंगमधला खेळ काढण्यापुरतं. धरून ठेवतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट. टोपी पिळत बसलं तर हँडल जड होतं, घट्ट नव्हे.

ब्रेकची नळी फ्रेमच्या आतून ओवण्यात एक अख्खी दुपार गेली. लोहचुंबक लावलेली तार आत सोडायची, बाहेरून दुसऱ्या चुंबकाने तिला ओढत न्यायचं, वळणावर ती हरवते, पुन्हा पहिल्यापासून. त्यात आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मोटारसायकलमुळे बोटांत ती सवय भिनलेली, आणि संच येतो तो डाव्या हाताला पुढचा ब्रेक असलेला. मग दोन्ही नळ्या सोडवून उलट जोडायच्या. जोडावरचं पितळी कडं एकदा दबलं की दुसऱ्यांदा वापरायचं नाही. माझे ब्रेक शिमानोचे, मिनरल ऑइलवाले. त्यात चुकूनही डॉट फ्लुइड गेलं तर रबरी सील खराब होतात, म्हणून काकांच्या कपाटात दोन्हीच्या पिचकाऱ्यासुद्धा वेगळ्या.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर, डोंगरात सायकली पळवायचं वेड अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या उतारावर वाढलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथून जवळच पहिली रीपॅक शर्यत झाली. जो ब्रीझ, गॅरी फिशर ही मंडळी जाड टायरच्या जुन्या पोलादी सायकली घेऊन उतरायची. मागे पेडल दाबून लागणारा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते दर वेळी नव्याने भरावं लागे. शर्यतीचं नाव त्यावरूनच. काकांना हे सांगितलं तेव्हा ब्रीझ-फिशरमध्ये त्यांना रस नव्हता. हबमध्ये छर्रे किती होते, हे त्यांनी विचारलं.

चाकांचं काम सुरू झालं आणि दुकानातलं वारं बदललं. इथे काकांना आकड्यांच्या कागदाची गरज नव्हती. चाक एकोणतीस इंची म्हणतात, पण रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६२२ मिलिमीटर. काळ्या सायकलीचं अठ्ठावीस इंची चाक ६३५ चं. अठ्ठावीस हे एकोणतीसपेक्षा मोठं, ही गोष्ट ते गिऱ्हाइकाला फार खुशीने ऐकवतात. काळ्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत, माझ्या दोन्ही चाकांत ३२. रिम मी ॲल्युमिनियमचीच घेतली. टेकडीवरच्या दगडाने तिला पोचा पडेल तो पडेल, कार्बनच्या रिमची चीर भरून येत नाही.

स्पोक ओवताना प्रत्येक तार तीन तारांना ओलांडते, शेवटच्या तारेच्या मागून जाते. मग स्टँडवर चाक फिरवत आउट काढायचा: डावी-उजवी लचक आणि वर-खाली उडी, दोन्ही. कॅसेटमुळे मागच्या चाकाच्या उजव्या तारा सरळ उभ्या राहतात, त्यांना ताण जास्त लागतो. काका निपल पाव फेऱ्याने फिरवत, मधेच तार छेडत. उजव्या तारांचा एक सूर, डाव्यांचा खालचा. वेगळा वाजला की तिथे थांबायचं. नंतर ताणमापक लावला तर उजवीकडे ११५ किलोच्या आगेमागे. बत्तीस तारांचा मिळून हा ताण तीन टनांच्या घरात जातो, तोही हाताच्या दोन बोटांनी उचलता येणाऱ्या चाकात. समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून त्यांनी कचकन दाबल्या, चाकातून कडकड आवाज आला, पीळ सुटला, आणि आउट पुन्हा थोडा निघाला. हे तीनदा चाललं. टॉर्क रेंच भिंतीवरच होता.

टायर ट्यूबलेस. पुण्याच्या टेकड्यांवर बाभळीचा काटा हेच त्याचं पहिलं कारण; ट्यूब असली की सिंहगडाच्या पायथ्याची पायवाट म्हणजे पंक्चरची जत्रा. आतला लॅटेक्सचा रस भोक आपोआप बुजवतो. आपल्या उन्हाळ्यात तो लवकर वाळतो, तेवढं पाहावं लागतं.

हार्डटेल का, मागे सस्पेन्शन का नाही, असं सायकल बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो. मागच्या सस्पेन्शनला चार-पाच सांधे, त्यांत बेअरिंग, आणि सह्याद्रीतला लाल चिखल त्यांत शिरणार. शिवाय हार्डटेलमध्ये मागचं चाक जागचं हलत नाही, त्यामुळे साखळीचं माप एकदाच आणि सरळ घेता येतं: सगळ्यात मोठ्या दोन चक्रांवरून फिरवायची, वर दोन कड्या जास्त, तोडून जोडायची. पुढे ३२ दाते, मागे १० ते ५२. सगळ्यात हलक्या गिअरवर पेडलचा एक पूर्ण फेरा सायकलीला दीड मीटरसुद्धा पुढे नेत नाही. गिअर बदलणारं यंत्र ज्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतं तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, दगडाला आपटला तर तो मोडावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. त्याचा जादा तुकडा सायकलीबरोबरच घेऊन ठेवला. ऐनवेळी मिळत नाही.

काट्यावर टांगली तर अकरा किलोंना थोडी कमी भरली. ‘पेडल काढून करू का?’ काकांनी विचारलं. ‘कंपन्या तसंच छापतात.’

नवे ब्रेक लगेच धरत नाहीत. सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, चाक जाम न करता हळू व्हायचं, असं वीसेक वेळा केल्यावर पॅडचा थर डिस्कवर बसतो आणि पकड येते. मग वेताळ टेकडीवर एक फेरी मारून सायकल परत दुकानात, कारण स्पोक बसतात, हेडसेट बसतो. हँडलला किंचित खेळ आलाच होता. स्टेमचे बोल्ट सोडून टोपी जराशी फिरवली आणि बोल्ट पुन्हा पाचावर आणले. मागच्या चाकाच्या दोन तारा पाव फेरा.

जाताना काकांनी एका पुठ्ठ्यावर बोल्ट आणि आकडे लिहून दिले. सीटपोस्ट, स्टेम, डिस्क, क्रँक. ‘एवढेच बघत जा, महिन्यातून एकदा. टॉर्क रेंच नसेल तर इकडे या, पण घरी पाना घेऊन बसू नका. दर रविवारी थोडं थोडं आवळणारी गिऱ्हाइकं आहेत माझ्याकडे. त्यांच्याच फ्रेमा येतात.’